चांदीचा ग्रेनेड आणि १०३ चा आकडा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. देवळालीच्या एका जुन्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं आणि त्यातल्या दोन वस्तू तुम्ही घेतल्या. पहिली म्हणजे मुठीएवढा चांदीचा गोळा. वर ज्वाळांच्या आकाराचं टोक, ते ओढलं की हातात येतं. गोळ्याच्या पोटावर वाघ आणि हत्ती, बुडाशी १०३ हा आकडा. विकणाऱ्याने ती 'इंग्रजांच्या वेळची अत्तरदाणी' म्हणून तुमच्या गळ्यात मारली. दुसरी सिगारेटची पेटी. आतून लाकूड, झाकणावर बिगुल आणि इंग्रजी अक्षरांत 'फिफ्थ मराठा लाइट इन्फन्ट्री'. १०३ म्हणजे आपली मराठ्यांची जंगी पलटण हे तुम्ही कुठेतरी वाचलेलं. तेव्हा दोन्ही वस्तू मराठा पलटणीच्या का, अस्सल का, घासायच्या कशा, आणि या नादाला पुढे लागावं का, असं तुम्ही विचारलंय.

ती अत्तरदाणी नव्हे. तो जेवणाच्या टेबलावरचा सिगार लायटर आहे आणि फोटोंवरून तरी मला अस्सल वाटतो. पण मराठा पलटणीचा नाही. पेटी मात्र असू शकते. असं का, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल. या वस्तू ज्या टेबलावरून फिरायच्या ते टेबल डोळ्यांपुढे आल्याशिवाय त्यांचा आकार का तसा आहे हेच कळत नाही.

ब्रिटिश पलटणीच्या ऑफिसर्स मेसमध्ये औपचारिक जेवणाला ठरलेला क्रम असायचा, आजही असतो. जेवण आटोपलं, टेबल आवरलं, की पोर्ट वाइनची सुरई उजवीकडून डावीकडे फिरते. सगळ्यांचे पेले भरले की मेसचा अध्यक्ष टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या 'मिस्टर व्हाइस'ला, म्हणजे उपाध्यक्षाला, हाक देतो आणि राजाच्या किंवा राणीच्या नावाने पेले उचलले जातात. आपल्या सैन्यात हा मान राष्ट्रपतींचा. तोवर कोणी सिगारेटीला हात लावायचा नाही. हा टोस्ट झाला आणि वरिष्ठांनी परवानगी दिली, की मगच सिगारच्या पेट्या, कातऱ्या आणि लायटर टेबलावर यायचे. म्हणजे जेवणाचा बंद सैल होण्याची खूण होती ही चांदी. म्हणूनच तिच्यात गंमत आहे. सुरया नि दीपवृक्ष भारदस्त असतात. लायटरच्या आकारात मात्र पलटणीने आपली हौस, चेष्टा आणि शेखी सगळं ओतलेलं दिसतं.

ही चांदी सरकारी नसे, हेही ध्यानात ठेवा. ऑफिसरांनी वर्गणी काढून ती घडवून घ्यायची, किंवा बढती मिळाली, लग्न झालं, पलटण सोडली, की जाणाऱ्याने मेसला एखादी वस्तू भेट द्यायची अशी रीत. म्हणून इतक्या वस्तूंवर नावं, तारखा आणि सह्या सापडतात. आणि म्हणूनच पलटणी मोडल्या किंवा एकमेकींत मिसळल्या, तेव्हा जास्तीची चांदी बाजारात येऊ शकली. १९२२ मध्ये आयर्लंडच्या पलटणी बरखास्त झाल्या तेव्हा, आणि १९५७ नंतर ब्रिटनने सैन्य आखडलं तेव्हा, अशा वाटण्या बऱ्याच झाल्या.

आता काळाचं बघू. नवा संग्राहक हमखास इथेच ठेचकाळतो. अठराव्या शतकातल्या मेसचा सिगार लायटर म्हणून कोणी काही दाखवलं, तर ऐकून घ्या आणि चहा पिऊन उठा. त्या काळी टेबलावर होती तपकीर. स्कॉटिश पलटणींत मेंढ्याचं अख्खं डोकं शिंगांसकट चांदीने मढवून, खाली चाकं लावून टेबलावर ढकलत फिरवायचे. कपाळावर तपकिरीची डबी आणि साखळ्यांना टांगलेली चिमुकली हत्यारं: चमचा, दाताळं, हातोडी, सांडलेली तपकीर झाडायला सशाचा पाय. नेपोलियनचा घोडा मरेंगो मेल्यावर त्याच्या एका खुराची चांदी मढवलेली तपकिरीची डबी करून गार्ड्सच्या ऑफिसरांना भेट देण्यात आली. सापळा लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. शत्रूच्या घोड्याच्या खुरातून तपकीर ओढायची, यावरून मेसमधल्या विनोदाची जात कळावी.

धूम्रपानाला मात्र वरून नाक मुरडलं जात होतं. ड्यूक ऑफ वेलिंग्टन सरसेनापती असताना १८४५ मध्ये एक सर्वसाधारण हुकूम निघाला. ऑफिसरांमध्ये पाइप, सिगार आणि चिरूट ओढण्याची चाल बोकाळली आहे, तेव्हा कमांडिंग ऑफिसरांनी मेसच्या खोल्यांत तरी ती थांबवावी, असा त्याचा आशय. हुकूम काढावा लागला म्हणजे काय चाललं होतं ते उघड आहे. पण म्हातारबुवांच्या हयातीत पलटणीचा पैसा घालून सिगार लायटर घडवून घेण्याची छाती फार थोड्यांना असणार. वेलिंग्टन १८५२ मध्ये वारला. लगेच क्रिमियाचं युद्ध आलं आणि तिथे तुर्की नि फ्रेंच सैनिकांच्या हातातली कागदी सिगारेट ब्रिटिशांनी उचलली. त्यानंतरच मेसच्या टेबलावर धुराचं सामान वाढलं. माझ्या हातून गेलेल्या चांगल्या वस्तू बहुतेक १८८० ते १९१४ या काळातल्या. सिगारेटच्या पेट्या त्याही पुढे, दुसऱ्या महायुद्धापर्यंत खंडीभर.

तुमचा गोळा या भरभराटीच्या काळातला. सतराव्या शतकात ग्रेनेडिअर शिपाई दारू भरलेले लोखंडी गोळे वात पेटवून हाताने फेकत. तोच पेटता गोळा पुढे कित्येक पलटणींचं मानचिन्ह झाला. पोटात इंधन, डोक्यावर ज्वाळा, म्हणजे लायटरसाठी हा आकार जणू नशिबानेच तयार मिळाला. पोकळ पोटात स्पिरिट भरायचं, गळ्यातल्या नळीत सुती वात. काही नमुन्यांत ज्वाळेचं टोपण नुसतं वात झाकतं. काहींत त्याच्याखाली दांडी असते आणि तिच्या टोकाला स्पिरिटमध्ये भिजलेला काकडा. मधल्या ज्योतीवर तो काकडा पेटवायचा, आपला सिगार शिलगवायचा आणि पुढच्याकडे सरकवायचं. तुमच्या टोपणाखाली दांडी आहे का, ते फोटोत दिसत नाही. असेल तर उत्तम, कारण या दांड्या फार हरवतात.

पण ग्रेनेडचं चिन्ह एकाच पलटणीचं नाही. ग्रेनेडिअर गार्ड्स, रॉयल आर्टिलरी, रॉयल एंजिनिअर्स, 'फ्युझिलिअर्स' नावाच्या झाडून सगळ्या पायदळ पलटणी, आणि इकडे आपले ग्रेनेडिअर्ससुद्धा. ज्वाळा मोजायच्या: तोफखान्याच्या ग्रेनेडला सात, एंजिनिअरांच्या ग्रेनेडला नऊ. मग गोळ्याचं पोट वाचायचं. रॉयल फ्युझिलिअर्सच्या पोटावर पट्ट्याच्या वेढ्यात गुलाब असतो, रॉयल मन्स्टर फ्युझिलिअर्सच्या पोटावर नुसता वाघ. वाघ आणि हत्ती दोन्ही असले की ती रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स.

डब्लिनची पलटण नाशिक जिल्ह्यात कशी आली, म्हणाल. ही आयरिश पलटण मूळची आपल्या मुंबईची आणि मद्रासची! मुंबई बेट पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर आंदण मिळालं, ते ताब्यात घ्यायला १६६२ मध्ये जी गोरी तुकडी पाठवली, तिच्यापर्यंत तिची एक वंशावळ जाते. पुढे ती ईस्ट इंडिया कंपनीची बॉम्बे युरोपियन पलटण झाली, १८५७ नंतर राणीच्या सैन्यात आली आणि तिला क्रमांक मिळाला १०३: रॉयल बॉम्बे फ्युझिलिअर्स. १८८१ मध्ये ब्रिटिश पायदळाचे क्रमांक काढून जिल्ह्यांची नावं दिली गेली. तेव्हा मद्रासची १०२ आणि मुंबईची १०३ एकत्र करून रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स केली. १०३ झाली तिची दुसरी बटालियन. कागदावरून आकडे गेले तरी मेसच्या चांदीवरून गेले नाहीत. ऑफिसर हट्टाने जुना क्रमांक कोरून घेत राहिले.

आणि आपली जंगी पलटण? ती १७६८ ची, पण १०३ हा आकडा तिला मिळाला १९०३ मध्ये. त्या वर्षी सरसेनापती किचनेरने हिंदी सैन्याचे क्रमांक एका ओळीत लावले आणि मुंबई सैन्याच्या जुन्या आकड्यांत शंभर मिळवले. तोवर ती थर्ड बॉम्बे लाइट इन्फन्ट्री होती. इंग्रजी चांदी तपासून ठसाघर तिच्यावर ठसे मारतं, तेच हॉलमार्क. तुमच्या गोळ्यावर जहाजाच्या नांगराचा ठसा आहे, सिंह आहे, सालाचं अक्षर आहे, पण राणीचं मुंडकं नाही. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. मुंडकं हा कराचा ठसा, तो १७८४ पासून १८९० पर्यंतच मारत. तो नाही, म्हणजे वस्तू १८९० नंतरची. त्या वळणाचं अक्षर बर्मिंगहॅममध्ये १८९७-९८ ला पडतं. ज्या वर्षी गोळा घडला त्या वर्षी जंगी पलटणीचा क्रमांक तीन होता. शिवाय लाइट इन्फन्ट्रीचं, म्हणजे हलक्या पायदळाचं, चिन्ह बिगुल. ग्रेनेड त्यांच्या टेबलावर यायचं कारण नाही.

एक पाचर मात्र मीच मारून ठेवतो. मेसमधल्या वस्तूंची यादी असायची आणि वस्तूंवर यादीतले क्रमांक घालायचे. तुमचा १०३ हा निव्वळ यादीतला एकशे तिसरा नग असू शकतो! पलटणीचा क्रमांक बहुधा ऐटीत कोरलेला असतो, पुढे इंग्रजी 'आरडी' किंवा रोमन आकड्यांत. यादीचा क्रमांक लहान, ठोकलेला किंवा टोचलेला, आणि ठशांच्या आसपास. वाघ-हत्ती असल्याने पलटण कुठली हा निर्णय त्याने बदलत नाही, पण १०३ ची गोष्ट सांगून कोणी भाव वाढवायला लागला तर हे आठवा.

हीच माझी सगळी पद्धत. प्रत्येक वस्तूपाशी तीन साक्षीदार असतात: धातूवरचा ठसा, पलटणीचं नाव-चिन्ह आणि वस्तूचा उपयोग. तिघांना वेगवेगळं बसवून विचारायचं, 'तू कुठल्या सालचा?' जबान्या जुळल्या तर पुढे बोलायचं. दुकानदार जे सांगतो ती चौथी जबानी. ती मी ऐकतो, करमणूक म्हणून.

ठशांबद्दल कामापुरतं सांगतो. चालता सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. बिबट्याचं तोंड लंडन, किल्ला एडिंबरा, तीन पेंढ्या आणि तलवार चेस्टर (हे ठसाघर १९६२ मध्ये बंद झालं), आणि मुकुट शेफील्ड, १९७४ पर्यंत. वर्षाचं अक्षर प्रत्येक गावाचं निराळं आणि ते वर्षाच्या मध्यात बदलायचं, म्हणून सालं जोडीने लिहितात. सुटणाऱ्या प्रत्येक भागावर ठसा हवा. तुमच्या ज्वाळेच्या टोपणावर निदान सिंह तरी असायला हवा. भिंग घेऊन काठावर शोधा. नसेल तर टोपण नंतरचं. त्याने वस्तू टाकाऊ होत नाही, किंमत उतरते.

इंग्रजीत 'ई.पी.एन.एस.' अशी चार अक्षरं चार चौकटींत दिसली, तर तो चांदीचा मुलामा. एल्किंग्टन कंपनीने १८४० मध्ये विजेने मुलामा चढवायच्या कृतीचं पेटंट घेतलं आणि मग मुलाम्याच्या मालावरही असे ऐटबाज शिक्के आले, की लांबून हॉलमार्कच वाटावेत. आतला धातू जर्मन सिल्व्हर: तांबं, निकेल, जस्त. चांदीचा त्यात कणही नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, ते हेच. तरी एवढ्यावरून फेकू नका. मेसमध्ये रोज वापरायचा माल बऱ्याचदा मुलाम्याचाच असे, आणि चांगली पलटण, चांगला लेख असलेला मुलाम्याचा अ‍ॅशट्रे मी चांदीच्या कोऱ्या डबीपेक्षा आधी उचलेन.

भारतात घडलेल्या चांदीला हे ठशांचं शास्त्र लागू नाही. इथे तसं सरकारी ठसाघर नव्हतं. कलकत्त्याची हॅमिल्टन, मद्रासची पी. ऑर अँड सन्स असे मोठे कारखानदार आपापले शिक्के मारत. भूजच्या ओमरसी मावजींचं उठावाचं काम तर आज जगभर मागणीत आहे. कच्छी कामात वेलबुट्टीत वाघ, हत्ती, शिकार सगळं येतं; तेव्हा वाघ-हत्ती दिसले की डब्लिन फ्युझिलिअर्स, असं उलटं गणित मांडू नका. नक्षीतला वाघ पळत असतो, चिन्हातला पोज देऊन उभा असतो.

आता तुमची पेटी. इथे मला जास्त मजा आली. ठसा बर्मिंगहॅम १९१९-२०. लेख 'फिफ्थ मराठा लाइट इन्फन्ट्री'. पण ही रेजिमेंट या नावाने झाली १९२२ मध्ये, जेव्हा १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या पलटणी एका नावाखाली आणल्या. मग १९१९ च्या पेटीवर १९२२ चं नाव कसं? साक्षीदार फुटला म्हणायचं का? नाही. तीन वर्षांचा फरक माफ. सराफाच्या फडताळात पेटी पडून असेल आणि गिऱ्हाइकाने निवडल्यावर लेख कोरला असेल. किंवा जुन्या बटालियनची कोरी पेटी नव्या नावाने पुन्हा टेबलावर आली असेल. ठसा १९३५ चा आणि लेख १९१६ च्या, मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्याचा असता, आणि 'स्मरणार्थ' असं कुठे म्हटलेलं नसतं, तर मी पेटी खाली ठेवली असती. ठशाच्या नंतरचा लेख खपतो. आधीचा लेख खपत नाही.

बिगुलावरचा मुकुटही बघा. राजा सातव्या एडवर्डच्या काळापासून, म्हणजे १९०१ नंतर, सैन्याच्या चिन्हांवर घुमटाकार कमानींचा मुकुट आला आणि १९५२ पर्यंत राहिला. त्यानंतर एलिझाबेथच्या काळात मधे खोलगट कमानींचा. भारतात प्रजासत्ताकानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह. तुमच्या पेटीवर घुमटाचा मुकुट आहे, जुळतंय. फोटोत मला फक्त एकच शंका आहे: बिगुल कोरलेला नाही, वेगळा करून डाखाने बसवलाय. अस्सल पेट्यांतही तसा असतो. पण ऑफिसरच्या पट्ट्यावरचा किंवा टोपीवरचा बिल्ला काढून कोऱ्या पेटीला चिकटवायचा आणि 'मेसची पेटी' म्हणून दुप्पट भावाला विकायची, हा उद्योग जोरात चालतो. झाकण उघडून आतून बघा. बिल्ल्याच्या मागे जुने हुक कापल्याच्या खुणा, डाखाचा ताजा पांढरा ओघळ, किंवा झाकणावर बिल्ल्याच्या भोवती तापवल्याचा जांभळट डाग दिसतो का? लाकडाचं अस्तर असल्याने मागची बाजू दिसणार नाही हे खरं, पण अस्तर उपटू मात्र नका. तिरप्या उजेडात वरून बघा.

आणि वाफ सोडा. थंड झाकणावर 'हाः' करून तोंडाची वाफ सोडली, की क्षणभर पृष्ठभाग मंद होतो आणि झाकलेलं सगळं वर येतं. डाखाची रेघ, बुजवलेलं भोक, खरवडून काढलेला जुना लेख. लेख काढलेल्या जागी पत्रा पातळ होतो. अंगठ्याने हलकेच दाबलं तर डब्याच्या झाकणासारखा टकटक करतो. दुसऱ्या एखाद्या भंगार वस्तूवरचे ठसे कापून चांगल्या दिसणाऱ्या वस्तूत बसवलेले असले, तरी वाफेत त्यांची चौकट उमटते. वीस हजारांचं यंत्र जे सांगणार नाही ते फुंकर फुकट सांगते.

मी स्वतः चांगलाच पोळलोय. लंडनच्या सॅम्पसन मॉर्डन कंपनीने १८८० च्या दशकात काड्यापेटीसाठी चांदीच्या डब्या केल्या होत्या, पहारेकऱ्याच्या चौकीच्या आकाराच्या. आत लाल कोटातला गार्ड्समन मिन्याच्या कामात उभा. पलटणीचं सामान जमवणाऱ्या प्रत्येकाला ती हवी असते, मलाही होती. परदेशातल्या एका लिलावात फोटोवरून बोली लावली, मिळाली, घरी पंधरा दिवस पूजेत ठेवल्यासारखी ठेवली. एका मित्राने अतिनील दिवा धरला आणि शिपायाचा अर्धा कोट दुधी निळा चमकला. खरा मिना म्हणजे काच. जे चमकलं ते राळेचं डागडुजीकाम. डबी अस्सल, शिपाई अर्धा खोटा. तेव्हापासून दिवा खिशात असतो.

दुसरा धक्का माझ्याच गावातला, आणि त्याला जबाबदार मीच. एका ब्रिटिश पलटणीतल्या कॅप्टनच्या लग्नानिमित्त दिलेली पेटी होती, झाकणावर सोबतच्या एकोणीस ऑफिसरांच्या सह्या, त्यांच्याच हस्ताक्षराबरहुकूम कोरलेल्या. नावं आर्मी लिस्टशी, म्हणजे ऑफिसरांच्या छापील यादीशी, ताडून बघता येतात, कोण कुठे लढला, कोण परतला नाही ते निघतं. अशी पेटी म्हणजे छोटं दप्तर असतं. बिजागरी ढिली झाली म्हणून एका सराफाकडे दिली. बिजागरी नीट करून मिळाली, आणि सेवाभावाने त्याने वरून चाकावर पॉलिशही मारून दिलं. आरशासारखं झाकण. तिरप्या उजेडात आज त्यातली सात नावं वाचता येतात. कामाला देताना 'घासू नका' असं मी बोललो नव्हतो, कारण सराफ घासतो हे मला सुचलंच नाही.

म्हणून घासण्याबद्दल कडक बोलतो, राग मानू नका. आपल्या घरांत गौरी-गणपतीच्या आधी चांदीची भांडी रांगोळीने, दातांच्या पावडरीने, टूथपेस्टने घासतात. पूजेच्या ताम्हनाला ते चालून जातं, कोरीव चांदीला नाही. रांगोळी म्हणजे दगडाचा भुगा. दहा दिवाळ्यांत ठशाचा सिंह मांजर होतो. काळपटपणा म्हणजे गंधकाशी झालेला संयोग, तो घालवताना दर वेळी थोडी चांदी जाते. कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा सौम्य साबण, मऊ सुती फडकं, आणि लगेच कोरडं करणं. तेवढं पुरतं. बुडवून काढायची रसायनं तर घरातही आणू नका. कोरलेल्या रेषांच्या तळाशी असलेली काळी सावलीच ती अक्षरं वाचायला मदत करते, आणि ती पहिल्यांदा जाते. लाकडाच्या अस्तराची पेटी तर पाण्यात घालायचीच नाही. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात, पांढऱ्या सुती कापडात. वर्तमानपत्र नको. रबर बँड तर मुळीच नको, तो चांदीवर काळा पट्टा उमटवतो आणि खड्डाही पाडतो.

गोळ्याच्या पोटात काय आहे तेही बघा. बुचाचा कुजलेला तुकडा आणि गोठलेली वात बहुधा असेल. बांबूच्या काडीने काढा, लोखंडी तारेने नको. आतून सोनेरी मुलामा दिसला तर तो मूळचा असू शकतो, खरवडू नका. पाणी भरून रात्रभर ठेवलं की चीर असेल तर कळेल. मग पूर्ण वाळू द्या. पेटवून बघायचा मोह होईल, होतोच. ही वस्तू स्पिरिटसाठी घडवलेली. आजच्या लायटरमधलं पेट्रोल तिच्यात घालणं म्हणजे खराखुरा ग्रेनेड तयार करणं आहे. मी तर स्पिरिट घालूनही पेटवत नाही. सव्वाशे वर्षांच्या डाखावर माझा तेवढा विश्वास नाही, आणि सिगार डॉक्टरांनी केव्हाच बंद केलाय.

कायद्याचं एक कलम डोक्यात पक्कं करा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आपल्याकडे १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते, आणि अशा वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. तुमचा भाचा अमेरिकेहून येईल आणि 'मामा, मी नेतो' म्हणेल, तेव्हा आठवण ठेवा. पेटीवर पलटणीचं नाव आहे, म्हणून दुसरंही सांगतो. भारतीय पलटणीच्या मेसची चांदी बाजारात येण्याचे मार्ग थोडे, आणि त्यातले काही वाकडे. बंगल्याच्या विक्रीची पावती, कुटुंबाची थोडी माहिती, तारीख, सगळं कागदावर आणून वस्तूबरोबर ठेवा. ऑफिसरला निरोपाला मिळालेली पेटी खाजगी असते, मेसच्या यादीतली नसते. तुमच्या पेटीवर कोणा एकाचं नाव किंवा आद्याक्षरं आतल्या काठाला असतील तर प्रश्नच मिटला. यादीचा क्रमांक सापडला, तर मी बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र टाकीन. गमावून बसण्याची भीती वाटेल, पण हरवलेली वस्तू पलटणीला परत गेल्याचा आनंद काय असतो ते मी एकदा बघितलंय.

राहिलं शेवटचं, नादाला लागावं का. लागा, पण लायटरपासून सुरुवात करू नका. तुम्हाला पहिलाच चांगला लागला हा योग. मुंबईला चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर, पुण्याच्या जुन्या बाजारात जे ग्रेनेड लायटर मांडलेले असतात ते बहुतेक अलीकडचे ओतीव पितळेचे, वर चांदीचा हात. सुरुवात काड्यापेटीच्या डब्यांनी करा. छातीच्या खिशात मावणाऱ्या, खाली काडी ओढायला खरखरीत पट्टी, बाजूला साखळीसाठी कडी. मेसच्या टेबलावरच्या नव्हेत, ऑफिसरच्या अंगावरच्या. पण ठसे वाचायला शिकायला यांच्यासारखी शाळा नाही, आणि चुकलात तरी फार बुडत नाही. चांदीचा भाव चढला की सराफ अशा डब्या वजनावर घेऊन मोडीत काढतात. ओळखीच्या दोन सराफांना सांगून ठेवा की इंग्रजी अक्षरं असलेली मोड आली तर आटवायच्या आधी फोन करा. माझ्या संग्रहातल्या चांगल्या वस्तूंपैकी निम्म्या अशा मुशीच्या तोंडातून परत आल्यात.

खिशातली सिगारेट केस आणि अ‍ॅशट्रे यांच्या मागे मी लागत नाही. माल उदंड, आणि लेख बहुधा गोल्फच्या स्पर्धेचा निघतो.

आता हे करा. गोळा उलटा ठेवून १०३ चा फोटो पुन्हा काढा, फ्लॅश न लावता, खिडकीच्या तिरप्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून. दुसरा फोटो टोपणाच्या काठाचा, आणि तिसरा पेटीवरच्या बिगुलाचा, वाफ सोडल्या सोडल्या दोन सेकंदांत. त्यासाठी घरातल्या कोणाला तरी मदतीला घ्या. एकट्याला 'हाः' करून फोटो काढायला जमत नाही, मी करून बघितलंय.